गिरणीतला शाफ्ट सतत वाकडा व्हायचा, त्या वैतागातून एका मेंटेनन्स इंजिनिअरनं जगाला नवीन बेअरिंग दिलं

गाडीचं काम करणाऱ्या कुठल्याही मेस्त्रीला विचारा, टायमिंग बेल्ट बदलायला आलेला गिऱ्हाईक सगळ्यात आधी कशावर पैसे वाचवायला बघतो? उत्तर ठरलेलं आहे. रोलरवर. बेल्ट नवा टाका, पण ते रोलर तर अजून फिरतायत की, राहू द्या जुनेच.

आणि मग काही हजार किलोमीटरनंतर बोनेटखालून घरघर सुरू होते. दुर्लक्ष केलं तर एक दिवस रोलरचं बेअरिंग जाम होतं, बेल्ट त्यावर घासून वितळतो किंवा दात सोडतो, व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि चांगलं चालणारं इंजिन हेड उघडून टेबलावर येतं. गाडी साधी असेल तर नुकसान सोसता येतं. टर्बो लावलेली, जोरात पळणारी गाडी असेल तर बिल बघून माणूस खाली बसतो.

हे सगळं ज्या छोट्या गोष्टीवर टिकून असतं ती म्हणजे रोलरच्या आत बसलेलं बॉल बेअरिंग. लहानपणी गॅरेजमधून फेकलेली बेअरिंग गोळा करून लाकडी गाडी बनवणाऱ्या पोरांना ते चांगलं माहीत असतं. दोन रिंगा, मधे छर्रे. आज यात नवल काही वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी बेअरिंग विकत घेणं म्हणजे जवळपास जुगार होता. कधी जाईल, का जाईल, नवीन कधी मिळेल, कशाचाच भरवसा नव्हता.

तो भरवसा आणणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव आहे स्वेन विंगक्विस्ट. स्वीडनचा माणूस. शिकला कापडाच्या धंद्यासाठी आणि नाव काढलं लोखंडात. एसकेएफ ही कंपनी त्यांनी उभी केली आणि व्होल्वो हे नावसुद्धा त्याच कंपनीच्या घरात जन्माला आलं.

विंगक्विस्ट यांचा जन्म १० डिसेंबर १८७६ चा, स्वीडनमधल्या ओरेब्रू भागातला. तिथल्याच तांत्रिक शाळेतून ते १८९४ मध्ये बाहेर पडले. पुढे कापड उद्योगाचं तंत्र शिकले, काही काळ अमेरिकेतही राहून आले आणि १८९९ मध्ये गोथेनबर्ग शहरातल्या गामलेस्टाडेन भागातल्या एका मोठ्या कापड गिरणीत नोकरीला लागले. वय वर्षं २२. काम काय, तर यंत्रं चालू ठेवायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळातली गिरणी कशी चालायची हे डोळ्यांसमोर आणलं की कळतं, ही नोकरी म्हणजे रोजची डोकेदुखी होती.

तेव्हा प्रत्येक मागाला वेगळी मोटर नसायची. एका बाजूला मोठं इंजिन, तिथून निघालेला लांबच लांब लोखंडी शाफ्ट छताजवळून अख्ख्या खात्यातून फिरवलेला. त्या शाफ्टवर ठरावीक अंतरावर पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून खाली मशिनपर्यंत उतरणारा चामड्याचा पट्टा. मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या गिरण्याही याच पद्धतीनं चालायच्या. भोंगा झाला, शाफ्ट फिरायला लागला की शेकडो पट्टे एकदम सळसळायला लागायचे. म्हणजे शाफ्ट थांबला की खातं थांबलं आणि उत्पादन गेलं.

हा शाफ्ट ठिकठिकाणी बेअरिंगवर टेकलेला असायचा. बहुतेक ठिकाणी साधी बुश बेअरिंग. धातूवर धातू आणि मधे तेल. त्यात इंजिनाची बरीचशी ताकद नुसती घासण्यातच वाया जायची. तेल कमी पडलं की बेअरिंग तापायचं. आजूबाजूला सगळा कापूस आणि हवेत तंतू, त्यामुळे तापलेलं बेअरिंग म्हणजे आगीला आमंत्रण.

मग बॉल बेअरिंग का नाही वापरायचं? वापरलं की. जर्मनीत तोवर बॉल बेअरिंगचा धंदा चांगला रुजला होता. श्वाइनफुर्ट नावाच्या गावात फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारं मशिन बनवलं होतं आणि तिथून हा उद्योग वाढला होता. श्वाइनफुर्ट हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पण या गिरणीत जर्मन बेअरिंग टिकेनात. एक गेलं की दुसरं मागवायचं, ते यायला महिनोन्‌महिने जायचे आणि आलेलंही पुन्हा जायचं. आता एखाद्या साध्या माणसानं कंपनीच्या नावानं बोटं मोडली असती. विंगक्विस्ट यांनी मात्र बेअरिंग मोडतं का, हेच शोधायला घेतलं.

कारण सापडलं ते बेअरिंगमध्ये नाही, जमिनीत.

गोथेनबर्ग हे शहर सतराव्या शतकात वसवलं गेलं ते दलदलीच्या, चिकणमातीच्या जमिनीवर. अशी जमीन जड इमारतीखाली हळूहळू दबत राहते आणि सगळीकडे सारखी दबत नाही. गिरणीचा एक कोपरा जरा खाली, दुसरा जरा वर. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा फरक, पण छताखालून गेलेल्या लांबलचक शाफ्टची रेषा त्यानं बिघडायची. शाफ्ट किंचित वाकायचा, तिरका व्हायचा.

आणि त्या काळच्या बॉल बेअरिंगला तिरकेपणा अजिबात चालायचा नाही. आतल्या रिंगवर खाच, बाहेरच्या रिंगवर खाच, छर्रे त्या दोन खाचांमध्ये घट्ट बसलेले. शाफ्ट तिरका झाला की आतली रिंग तिरकी होणार, बाहेरची मात्र सरळच राहणार. मग सगळा भार दोन-चार छर्‍यांच्या एका कडेवर यायचा. पोलाद तिथे थकायचं, पापुद्रा निघायचा आणि बेअरिंग संपायचं.

यावर सरळ उपाय म्हणजे शाफ्ट पुन्हा पुन्हा रेषेत आणत बसायचं. गिरण्यांमध्ये तेच चालायचं. पण जमीन काही थांबणार नव्हती.

विंगक्विस्ट यांनी प्रश्नच उलटा केला. शाफ्ट सरळ राहणार नसेल, तर तिरका शाफ्ट सहन करणारं बेअरिंग का नको? गिरणीच्या मालकांनी प्रयोगांना परवानगी दिली. काही वर्षं खटपट चालली आणि १९०७ मध्ये जी रचना पक्की झाली ती आजही तशीच बनते.

रचना समजायला आपल्या खुब्याचा सांधा आठवा. मांडीच्या हाडाचा गोल डोका वाटीत बसलेला असतो, म्हणून पाय कुठल्याही बाजूला वळतो. विंगक्विस्ट यांनी आतल्या रिंगवर शेजारी शेजारी दोन खाचा दिल्या आणि छर्‍यांच्या दोन रांगा बसवल्या. बाहेरच्या रिंगला मात्र खाच दिलीच नाही. तिचा आतला पृष्ठभाग गोलाकार घासला, एखाद्या मोठ्या चेंडूच्या आतल्या बाजूसारखा, आणि त्या चेंडूचं केंद्र बरोबर शाफ्टच्या मध्यावर ठेवलं. आता शाफ्ट तिरका झाला तर आतली रिंग आणि दोन्ही रांगा एकत्रच कलतात आणि छर्रे पुन्हा त्याच गोलाईवर फिरत राहतात. एका कडेवर भार येण्याचा प्रश्नच मिटला. दोन रांगा असल्यामुळे भारही वाटला गेला.

याला नाव पडलं सेल्फ अलायनिंग बॉल बेअरिंग. म्हणजे स्वतःच स्वतःला रेषेत आणणारं.

१६ फेब्रुवारी १९०७ ला गिरणीच्याच मालकांच्या भांडवलावर नवी कंपनी नोंदवली गेली, स्वेन्स्का कुल्लागरफाब्रिकेन. मराठीत सांगायचं तर स्वीडिश बॉल बेअरिंग कारखाना. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून एसकेएफ. तिशीच्या तिच्या पहिल्या मॅनेजिंग डायरेक्टरचं नाव अर्थात स्वेन विंगक्विस्ट. शोधाचं पेटंट स्वीडनमध्ये मिळालंच, इतर देशांतही घेतलं गेलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच संशोधकांच्या बाबतीत घडते. बहुतेकांचं गाडं पुढे अडतं, कारण शोध लावणारा माणूस विकायला निघत नाही. विंगक्विस्ट निघाले. गिरण्या, कारखाने पालथे घातले. मोठ्या मोठ्या जर्मन कंपन्यांसमोर कुठल्याशा गिरणीतून आलेली नवी कंपनी टिकेल, असं कुणाला वाटलं नसेल. पण १९१० पर्यंत एसकेएफमध्ये ३२५ कामगार होते, इंग्लंडमध्ये शाखा निघाली होती आणि १९१२ पर्यंत कंपनीचे प्रतिनिधी ३२ देशांत पोचले होते. १९३० मध्ये १२ कारखाने आणि २१ हजारांवर माणसं.

दुसरी एक गोष्ट त्यांच्या लवकर लक्षात आली होती. बेअरिंगची रचना कितीही भारी असो, पोलाद कचकड्याचं असेल तर उपयोग शून्य. पोलादात बारीकसा जरी कचऱ्याचा कण अडकला तरी तिथूनच तडा सुरू होतो. १९१६ मध्ये एसकेएफनं हॉफोर्स इथला पोलादाचा कारखानाच विकत घेतला. कच्चा मालही आपल्या नजरेखाली बनवायचा.

कंपनीत माणसंही तशीच जमली. त्यातलं एक नाव आर्विड पामग्रेन. त्यांनी १९१९ मध्ये याच कल्पनेत छर्‍यांऐवजी पिंपाच्या आकाराचे रोलर बसवले, म्हणजे अवजड मशिनांचाही प्रश्न सुटला. पण पामग्रेन यांचं त्याहून मोठं काम वेगळं आहे आणि ते आज टायमिंग बेल्टचा रोलर निवडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

बेअरिंग किती टिकेल, हा प्रश्न त्यांनी गणितात बसवला. १९२४ मध्ये त्यांनी याची मांडणी केली आणि १९४७ मध्ये गुस्ताफ लुंडबर्ग यांच्यासोबत ती पक्की केली. एकाच घाणीतली, एकाच मापाची शंभर बेअरिंग एकाच भारावर फिरवली तरी ती सगळी एकाच दिवशी जात नाहीत. काही लवकर जातात, काही प्रचंड टिकतात. म्हणून आयुष्य मोजायचं ते शंभरातली नव्वद ज्या फेऱ्यांपर्यंत शाबूत राहतील त्यावरून. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये दिसणारं एल १० आयुष्य ते हेच.

त्यातून निघालेला नियम डोळे उघडणारा आहे. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, थेट आठवा हिस्सा होतं. भार फक्त २० टक्क्यांनी वाढला तरी ४० टक्क्यांहून जास्त आयुष्य गेलं समजा.

आता हे गाडीला लावून बघा.

टायमिंग बेल्टचं काम म्हणजे क्रँकशाफ्टची फेरी कॅमशाफ्टपर्यंत नेणं. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा. बेल्ट योग्य वाटेनं जावा म्हणून एक आयडलर रोलर आणि तो ताणलेला राहावा म्हणून टेन्शनरचा रोलर. हे रोलर साधारण क्रँकच्या दात्याच्या चाकाएवढेच असतात, म्हणजे फिरतातही जवळपास क्रँकच्याच वेगानं. ताशी सरासरी ५० किलोमीटरनं ६० हजार किलोमीटर चालवलं तर झाले १२०० तास. इंजिनाचा सरासरी वेग अडीच हजार फेऱ्यांचा धरला तर त्या काळात रोलर फिरला तब्बल १८ कोटी वेळा. तेही एकदाच भरलेल्या, पुन्हा कधी न घालता येणाऱ्या ग्रीसवर.

परफॉर्मन्स गाडीत याच्या वर आणखी ओझी येतात. इंजिन सात हजारांपर्यंत ओढलं जातं. जास्त उचल देणारा कॅम आणि कडक व्हॉल्व स्प्रिंग टाकल्या असतील तर बेल्टवर झटके वाढतात, म्हणजे रोलरवरचा भार वाढतो, म्हणजे आयुष्य घनाच्या हिशोबानं घटतं. टर्बोमुळे बोनेटखाली उष्णता जास्त. साध्या ग्रीसबाबत अंदाज असा की ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. खरं तर बहुतेक रोलर पोलाद थकून मरतच नाहीत, ग्रीस वाळून मरतात.

त्यामुळे टिकाऊ रोलर निवडताना नुसतं चकचकीत धातूची पुली बघून भुलण्यात अर्थ नाही. लोकांचा समज असतो की प्लास्टिकची पुली म्हणजे हलकी आणि धातूची म्हणजे दणकट. काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनच्या पुल्या गाडी बनवणाऱ्या कंपन्या विचार करूनच वापरतात. त्या हलक्या असतात, दमदारही असतात. पुली कशाची आहे यापेक्षा आत काय बसलंय ते महत्त्वाचं. छर्‍यांची एक रांग आहे की दोन? सील साध्या रबराचं आहे, जे साधारण १०० अंशांपर्यंतच दम धरतं, की जास्त उष्णता सोसणाऱ्या फ्लुओरो रबराचं? आतली मोकळीक तापल्यावर पुरेल एवढी आहे का, ज्याला बेअरिंगवाले सी ३ म्हणतात? आणि बेअरिंगवर बनवणाऱ्याचं नाव कोरलंय का? कारण बनावट बेअरिंगचा बाजार मोठा आहे, डबा अस्सल दिसतो आणि आत भलताच माल निघतो. मूळ गाडीला ज्यांचा माल लागतो अशा कंपनीचा अख्खा संच घेणं, वॉटर पंपसकट, हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा व्यवहार. पंप गळला की त्याचं पाणी शेजारच्या रोलरचं ग्रीस धुऊन काढतं.

जुना रोलर हातात घेऊन फिरवला आणि तो स्केटच्या चाकासारखा सुसाट फिरत राहिला, तर लोक खुश होतात. व्हायला नको. ग्रीस शाबूत असलेला रोलर जरा जड, मऊ आणि मुका फिरतो. सुसाट फिरतोय म्हणजे आतलं ग्रीस गेलंय.

आणि बेल्ट अंदाजानं जास्त ताणून बसवला, तर जगातला सगळ्यात महागडा रोलरही पामग्रेन यांच्या गणितातून सुटत नाही.

इथे एक गंमत आहे. विंगक्विस्ट यांचं जगप्रसिद्ध सेल्फ अलायनिंग बेअरिंग टायमिंगच्या रोलरमध्ये अजिबात चालत नाही. गिरणीत शाफ्टला कलायची मुभा द्यायची होती. इथे उलट, पुली तसूभरही कलली तर बेल्ट सरकत सरकत कडेला जातो आणि कड उसवते. म्हणून इथे खोल खाचेचं, पुलीला ताठ धरून ठेवणारं बेअरिंगच लागतं. ब्रॅकेट वाकलेला असेल, बोल्ट नीट कसला नसेल, तर त्या ताठ बेअरिंगचं तेच होतं जे गोथेनबर्गच्या चिकणमातीवर जर्मन बेअरिंगचं व्हायचं.

तर पुन्हा विंगक्विस्ट यांच्याकडे.

१९१५ मध्ये एसकेएफनं एक नवीन नाव नोंदवून ठेवलं, व्होल्वो. लॅटिनमध्ये याचा अर्थ मी फिरतो, मी गडगडत जातो. बेअरिंगला शोभणारंच नाव. बेअरिंगच्या एका वेगळ्या मालिकेसाठी ते वापरायचा विचार होता, पण तो बारगळला आणि नाव तसंच कपाटात पडून राहिलं. १९१९ मध्ये विंगक्विस्ट मॅनेजिंग डायरेक्टरच्या खुर्चीवरून उतरले.

पुढे कंपनीच्या विक्री विभागातल्या असार गाब्रिएल्सन यांच्या डोक्यात गाडी बनवायचं खूळ शिरलं. सोबतीला इंजिनिअर गुस्ताफ लार्सन, तेही आधी एसकेएफमध्येच काम केलेले. दोघांनी आधी स्वतःच्या हिमतीवर नमुन्याच्या गाड्या बनवल्या. मग एसकेएफनं पैसा दिला आणि कपाटातलं ते नावही दिलं. १४ एप्रिल १९२७ ला पहिली व्होल्वो कारखान्याबाहेर आली. आदल्या रात्री तपासणी करताना गिअर टाकला तर गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे गेली, कारण मागच्या अॅक्सलचे गिअर उलटे बसले होते, असा किस्सा स्वीडनमध्ये आवडीनं सांगितला जातो. १९३५ मध्ये व्होल्वो एसकेएफपासून वेगळी झाली.

याच व्होल्वोनं १९९४ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार रेसमध्ये ८५० मॉडेलची स्टेशन वॅगन पळवून सगळ्यांना चाट पाडलं आणि लगेच पुढच्या वर्षी ८५० टी-५आर ही टर्बोवाली गाडी काढली. पाच सिलिंडरचं इंजिन, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर. बेल्ट गेला तर व्हॉल्व वाकणार, अशीच त्याची बांधणी. आज ही गाडी सांभाळणारे शौकीन रोलर कुठला घ्यायचा यावर जेवढा काथ्याकूट करतात तेवढा लग्नाच्या हॉलवरही होत नसेल.

विंगक्विस्ट १९३८ मध्ये एसकेएफचे चेअरमन म्हणून परत आले आणि १९४१ पर्यंत राहिले. वेळ याहून वाईट असू शकली नसती.

कारण १९३९ ला महायुद्ध पेटलं. विमान, रणगाडा, पाणबुडी, तोफेचा फिरता बुरूज, बेअरिंगशिवाय यातलं काहीच हलत नाही. स्वीडन तटस्थ देश. एसकेएफचे कारखाने इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आणि जर्मनीतसुद्धा. जर्मनीतला मोठा कारखाना कुठे? त्याच श्वाइनफुर्टमध्ये. १९२९ मध्ये तिथले कारखाने एकत्र करून एसकेएफनं आपली जर्मन कंपनी उभी केली होती. म्हणजे गिरणीचा पट्टा नीट फिरावा म्हणून निघालेली वस्तू आता एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या दोन्ही बाजूंना हवी होती आणि दोन्ही बाजूंना मिळतही होती.

ब्रिटननं ती मिळवायला काय काय केलं नाही. जानेवारी १९४१ मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरून पाच नॉर्वेजियन मालवाहू जहाजं जर्मन पहारा चुकवून ब्रिटनला पळवली गेली, पोटात बेअरिंग आणि पोलाद. नंतर स्कॉटलंडहून स्टॉकहोमला मॉस्किटो विमानं रात्रीची ये-जा करायला लागली. येताना बेअरिंग, आणि कधी बॉम्बच्या खणात आडवा झोपवलेला एखादा प्रवासी. शास्त्रज्ञ नील्स बोर १९४३ मध्ये असेच पळाले, वाटेत प्राणवायू कमी पडून बेशुद्धही झाले होते.

तिकडे जर्मनीचा पुरवठा तोडायला अमेरिकेनं श्वाइनफुर्टच लक्ष्य केलं. १७ ऑगस्ट १९४३ ला श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग मिळून झालेल्या हल्ल्यात ६० बॉम्बर पडले. १४ ऑक्टोबरला पुन्हा हल्ला, २९१ विमानं निघाली आणि आणखी ६० परत आली नाहीत. प्रत्येक विमानात दहा माणसं. एवढं होऊनही जर्मनीची यंत्रं थांबली नाहीत, कारण साठा होता, कारखाने विखुरले गेले आणि स्वीडनहून माल येतच होता. शेवटी १९४४ मध्ये अमेरिकेनं माणूस पाठवून एसकेएफशी करार केला, मोबदला कबूल केला, तेव्हा कुठे ती रसद आटली.

तटस्थ देशातल्या कंपनीनं दुसरं काय करायचं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण त्या दोन दिवसांत पडलेल्या विमानांचा आकडा समोर असताना हे उत्तर पुरेसं वाटत नाही. विंगक्विस्ट तोवर चेअरमन नव्हते, हेही तितकंच खरं.

१७ एप्रिल १९५३ ला, वयाच्या ७६ व्या वर्षी स्वेन विंगक्विस्ट गेले. त्यानंतर दहा-बारा वर्षांत एसकेएफची बेअरिंग पुण्याजवळ चिंचवडमध्येही बनायला लागली. पिंपरी-चिंचवडच्या किती घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली असेल, ते तिथल्या जुन्या लोकांना विचारावं.

आणि १९०७ चं ते पहिलं डिझाईन? न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९३४ मध्ये यंत्रांच्या सौंदर्यावर एक प्रदर्शन भरवलं, त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एसकेएफचं बॉल बेअरिंग झळकलं. विंगक्विस्ट यांचं सेल्फ अलायनिंग बेअरिंग आजही त्या म्युझियमच्या संग्रहात आहे, चित्रं आणि शिल्पांच्या शेजारी, कलाकार म्हणून त्यांच्या नावाची पाटी लावलेलं.